ऐकीव गोष्ट आणि श्रद्धावंताची जबाबदारी

एखादी गोष्ट आपण रचलेली नाही, केवळ पुढे पाठविली, म्हणून आपण निर्दोष आहोत, असे पुष्कळांना वाटते. मोबाईलवरील सामाईक गटात कोणाच्या तरी चारित्र्याविषयी मजकूर येतो आणि पुरता वाचून होण्यापूर्वीच तो आणखी तीन गटांत गेलेला असतो. खाली ‘आले तसे पाठविले’ एवढे लिहिले की जबाबदारी संपली! पवित्र कुरआनला ही सबब मान्य नाही. सूरह अन्-नूरमध्ये आलेला ‘इफ्क’चा प्रसंग या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

हिजरी ५ किंवा ६ मध्ये बनू मुस्तलिकच्या मोहिमेवरून परतताना आदरणीय आयेशा (रजि.) हरवलेला हार शोधण्यास गेल्या आणि काफिला पुढे निघून गेला. मागून येणाऱ्या सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसविले आणि स्वतः उंट धरून चालत काफिल्यापर्यंत पोहोचविले. घटना एवढीच. दांभिकांचा पुढारी अब्दुल्लाह बिन उबई याने तिच्यावरून कुभांड रचले आणि मदीनेत सुमारे महिनाभर त्याचीच कुजबूज चालू राहिली.

ही कुजबूज पसरविणाऱ्यांत मिस्तह, हस्सान बिन साबित आणि हमना बिन्ते जहश (रजि.) हे प्रामाणिक श्रद्धावंतही होते. त्यांनी काही रचले नव्हते. तरीही १५ व्या आयतीत अशा लोकांना खडसावले गेले आहे. ऐकणे हे कानाचे काम. परंतु आयतीत ती बातमी जिभेने घेतल्याचा उल्लेख आहे. कान आणि जीभ यांच्यामध्ये विचाराला जागाच उरली नव्हती. ज्याला ते किरकोळ समजत होते, ते अल्लाहपाशी फार गंभीर होते, असेही तेथेच बजावले आहे. त्यापूर्वीच्या आयतींत विचारणा आहे ती ऐकणाऱ्यांना, की ऐकताक्षणीच आपल्या माणसांविषयी चांगला ग्रह का केला नाही. आणि आरोप करणाऱ्यांनी चार साक्षीदार का आणले नाहीत. साक्षीदारांविना शीलवती स्त्रीवर असा आरोप करणाऱ्यास ८० फटक्यांची शिक्षा याच सूरहमध्ये सांगितली आहे.

त्याच मदीनेत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) होते. पत्नीने ही चर्चा कानावर घातली तेव्हा, तू असे कृत्य केले असतेस काय, असे त्यांनी तिलाच विचारले. ती नाही म्हणताच, आयेशा तर तुझ्याहून श्रेष्ठ आहेत, असे सांगून त्यांनी विषय संपविला. आदरणीय जैनब बिन्ते जहश (रजि.) यांची कसोटी अधिक कठीण होती. त्या आयेशा (रजि.) यांच्या सवत आणि हमना यांच्या सख्ख्या भगिनी. प्रेषितांनी (स.) विचारले असता, आपण आपले कान व डोळे जपतो, चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही, असेच त्यांनी सांगितले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अन्याय झालेल्याने तो उघडपणे मांडण्यास इस्लामची मनाई नाही. सूरह अन्-निसाच्या १४८ व्या आयतीत ही मुभा स्पष्ट आहे. मुखत्यारीचा गैरव्यवहार झाकण्यासाठी तक्रारदारालाच चहाडखोर ठरविणे, हाही या शिकवणीचा दुरुपयोगच होय.

आणि चूक करणाऱ्याचे काय? आपल्याकडे अशा माणसाला गटातून काढतात, पुढे सलामही बंद होतो. मिस्तह हे आदरणीय अबूबक्र (रजि.) यांचे गरीब नातेवाईक, त्यांचा खर्च अबूबक्रच चालवीत. मुलीवर आळ घेणाऱ्यास आता काही देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली. तेव्हा २२ वी आयत अवतरली: अल्लाहने आपल्याला क्षमा करावी असे ज्यांना वाटते, त्यांनी नातेवाइकांना मदत न करण्याच्या शपथा घेऊ नयेत. अबूबक्र (रजि.) यांनी मिस्तह यांचा खर्च पूर्ववत सुरू केला आणि तो यापुढे कधीही बंद करणार नाही, असे सांगितले.