माथेरानचं इंजिन अंगणात

प्रश्न : सिद्धगडाच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. अंगणात ३२ मिलिमीटर रुळांवर माथेरानच्या गाडीचं मॉडेल केलंय. सहाचाकी इंजिन वळणावर घसरतं आणि पावसात बंद पडतं. काय करू?
– एक वाचक, ता. मुरबाड

उत्तर : माप अगदी बरोबर. मूळ रूळ ६१० मिलिमीटरचे, म्हणजे तुमचं प्रमाण १:१९. वळणाचा त्रास खुद्द माथेरानलाही होताच. १९०७ मध्ये सुरू झालेल्या त्या मार्गावरच्या जर्मन वाफेच्या इंजिनांत टोकाच्या चाकजोड्या पोकळ आसावर बसवून बाजूला सरकत्या ठेवल्या होत्या. घरी एवढा खटाटोप नको. मधल्या जोडीचा फ्लँज लेथवर उतरवून घ्या. मात्र चाकाची धाव रुंद राहू द्या, नाहीतर ते रुळाच्या आत पडेल. चढावर चाकं नुसती फिरत असतील तर शिशाचे तुकडे चाकांच्या वर, बरोबर मध्यावर बसवा. सगळं वजन मागे टाकलंत तर इंजिन नाक वर करतं.

आणि रुळांतून वीज देणं सोडा. आपल्याकडच्या पावसात चार दिवसांत रुळांवर शेवाळ धरतं. बॅटरी आणि रिमोट इंजिनातच बसवा, रुळांखाली मातीऐवजी बारीक खडी घाला. आषाढात मात्र इंजिन घरातच बरं.