ऑनलाइन कोर्समध्ये कोण मागे पडलंय? एका शीटमध्ये ओळखा

फी जमा झाली म्हणजे काम संपलं असं नाही. विद्यार्थी तिसऱ्या धड्यावरच अडकला, तर तो पुढचा कोर्स घेणार नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगणारही नाही.

समजा, तुम्ही ब्लाउज शिवायचा ८ धड्यांचा कोर्स चालवता. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड आहेत. तिथे व्ह्यूज कळतात, पण नेमकं कोणी पाहिलं ते कळत नाही. मग असं करा:

१. प्रत्येक धड्याला एक गूगल फॉर्म ठेवा: नाव आणि ३ पर्यायी प्रश्न. क्विझ सेटिंग चालू करून बरोबर उत्तरं भरून ठेवली, की मार्क आपोआप मिळतात.

२. गूगल शीटमध्ये एका ओळीत एक विद्यार्थी आणि ८ धड्यांचे ८ कॉलम करा. क्विझ झाली आणि शिवलेल्या कामाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला, तरच टिक करा. शेवटच्या कॉलममध्ये शेवटच्या टिकची तारीख लिहा. सुरुवातीला तिथे प्रवेशाची तारीख टाका, रिकामं ठेवू नका.

३. दर रविवारी तारखेप्रमाणे सॉर्ट करा. सगळ्यात जुनी तारीख वर येते. ७ दिवस न हललेल्यांना फोन करा. "का केलं नाही?" असं नको, "कुठे अडलं?" असं विचारा. उत्तर शीटमध्येच लिहा.

तिघी-चौघी बाही जोडतानाच अडल्या, तर चूक त्यांची नाही. तो व्हिडिओ परत शूट करा.

सुरुवातीला २०-२५ विद्यार्थ्यांसाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आजच शीट उघडा आणि पहिली ओळ भरा!