शाळकरी मुले आणि स्वतःच्या वजनाचा अंदाज

उस्मानाबादी शेळीच्या पाठीवरून हात फिरवून तिचे वजन किलोच्या हिशेबात सांगणारे जाणकार धाराशिव जिल्ह्याच्या बाजारांत आजही भेटतात. त्यांचा अंदाज सहसा फारसा चुकत नाही. त्यांच्याच घरातील तेरा वर्षांच्या मुलीचे वजन विचारले, तर मात्र ‘अंगाने बरी आहे’ किंवा ‘जरा वाळली आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्या मुलीलाच विचारावे, तर वर्गातील मैत्रिणी तिला काय म्हणतात ते ती सांगते.

मुलांची स्वतःच्या वजनाविषयीची कल्पना काट्यावरून बनत नाही. शेजारी बसणाऱ्या मुलाशी केलेली तुलना, घरातील बोलणे आणि अलीकडे मोबाइलवर दिसणारी शरीरे यांतून ती घडते. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातील १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले-मुली वयाच्या मानाने कृश, तर सुमारे ५ टक्के अतिवजनाची आढळली. ज्या वर्गात कृश मुले बरीच असतात, तेथे पाहणाऱ्याची नजर त्या मापाला सरावते. कृश मूल सर्वसाधारण वाटू लागते आणि सर्वसाधारण मूल ‘जाड’ ठरते.

एक उदाहरण घेऊ. तेरा वर्षांच्या दोन मुलींचे वजन प्रत्येकी ३६ किलो आहे. एकीची उंची १४४ सेंटिमीटर, तर दुसरीची १५६ सेंटिमीटर. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता पहिलीचा निर्देशांक १७.४ येतो, तर दुसरीचा १४.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भ तक्त्यानुसार या वयाच्या मुलीचा निर्देशांक १४.९ पेक्षा कमी असल्यास ती कृश आणि २१.८ पेक्षा अधिक असल्यास अतिवजनाची समजली जाते. म्हणजे वर्गात जिला ‘ढब्बू’ म्हणून चिडवतात ती पहिली मुलगी ठीक आहे आणि जिच्या सडपातळ बांध्याचे कौतुक होते त्या दुसरीकडे लक्ष देण्याची गरज आहे. येथे एक चूक टाळावयास हवी. प्रौढांसाठी वापरली जाणारी १८.५ ची मर्यादा शाळकरी मुलांना लावू नये. त्यांचा तक्ता वयानुसार आणि मुलगा-मुलगी असा वेगवेगळा पाहावा लागतो.

या वयात आणखी एक गोंधळ होतो. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी वेग घेते आणि तिच्याबरोबर शरीरात चरबीचा अंश वाढणे स्वाभाविक असते. मुलीला मात्र आपण ‘सुटलो’ असे वाटते आणि ती सकाळची भाकरी टाळू लागते. मुलांची तऱ्हा बहुधा उलट असते. त्यांना दंड भरलेले हवे असतात आणि ठीक वजनाचा मुलगाही स्वतःला ‘काडी’ समजतो. वर्गात स्वतःचे वजन नेमके ठाऊक असणारा एखादाच निघतो, आणि तो पुष्कळदा तालमीत जाणारा असतो, कारण कुस्तीचा गट वजनावर ठरतो. घरी वडीलधाऱ्यांना ‘खात्यापित्या घरचे’ दिसणारे मूलच निरोगी वाटते, तर काही ठिकाणी वजन मोजल्याने दृष्ट लागते अशीही समजूत असते.

ही कल्पना समजून घेण्याची रीत अवघड नाही. अमेरिकेतील स्टंकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अतिकृश ते अतिस्थूल अशा नऊ आकृत्यांची मालिका वापरली. ती प्रौढांसाठी होती. पुढे मुलांसाठीही तशा मालिका तयार झाल्या. मूल ‘मी असा दिसतो’ आणि ‘मला असे दिसावयाचे आहे’ अशा दोन आकृत्या दाखविते. दोहोंतील अंतर म्हणजे त्याची स्वतःविषयीची नाराजी. शाळेत याहून सोपे करता येईल. प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर ‘बारीक’, ‘ठीक’ किंवा ‘जाड’ यांपैकी एक शब्द आणि वजनाचा अंदाज लिहावा. मग पायांतील चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून उंची मोजावी आणि वजन करावे. हे काम एकेकाला बाजूला घेऊन व्हावे. आकडा वर्गात मोठ्याने वाचून दाखविला, की त्या मुलाला वर्षभर पुरेल असे टोपणनाव मिळते!

प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने असतात. ते अंदाजाने भरले, तर मुलाच्या चुकीच्या कल्पनेवर शाळेचाच शिक्का बसतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. दोन भेटींमध्ये काय घडले ते त्याला याच रकान्यांवरून कळू शकते. काटा आणि उंचीमापक शाळेत नसेल, तर ग्रामपंचायतीला महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाच्या १० टक्के निधीतून त्याचा विचार करता येईल.

कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांच्या बाबतीत या नोंदीला विशेष अर्थ आहे. दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर गेलेले मूल पाडव्याच्या आगेमागे परतते. त्या पाच महिन्यांत उंची वाढली आणि वजन तेवढेच राहिले, तर घरच्यांना ते ‘उंच झाले’ एवढेच दिसते आणि मुलालाही तसेच वाटते. जाण्यापूर्वीचा आणि परतल्यावरचा असे दोन आकडे शेजारी लिहिलेले असतील, तर कोणत्या मुलाला आरोग्य केंद्रात पाठवावयाचे हे शिक्षकांना त्याच आठवड्यात ठरविता येते.