विहिरीत अवतरलेली गंगा

कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव तंजावरचे मराठा राजे शहाजी यांनी १६९३ मध्ये विद्वानांना दान दिले. नामसंकीर्तनाचा प्रसार करणारे संत श्रीधर वेंकटेश अय्यावाळ येथेच राहत.

कथा अशी सांगतात : पित्याच्या श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्या एका भुकेल्याला आधी वाढले. ब्राह्मणांनी प्रायश्चित्त म्हणून गंगास्नान सांगितले. अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि घरच्याच विहिरीतून गंगा उसळली. आजही कार्तिकै अमावास्येला भाविक त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करतात. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या श्राद्धाची कथाही अशीच आहे.

बोध : गंगा आली ती भुकेल्याला दिलेल्या घासामुळे. स्नानाआधी साधकाने स्वतःला विचारावे, दारातला भुकेला मला दिसतो का?