घड्याळाच्या हाती विजेचे बटण
घरगुती टायमरची निवड, मांडणी व वापर

वीज ही साठवून ठेवण्यास कठीण आणि वाया घालविण्यास अत्यंत सोपी अशी वस्तू आहे. सकाळी लावलेला गिझर दुपारपर्यंत चालू राहतो, कार्यालयाच्या ओसरीवरचा दिवा भर उन्हात जळत असतो आणि पाण्याची टाकी भरून वाहू लागली तरी पंपाकडे कोणाचे लक्ष नसते. यामागे बेफिकिरीपेक्षा विस्मरणच अधिक असते. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे आले, तेव्हा ते लावण्याचे व मालविण्याचे काम माणसे वेळेवर करीत असत. घरातील उपकरणांसाठी असा माणूस नेमता येत नाही. त्याचे काम करणारे छोटे साधन मात्र आज विद्युत साहित्याच्या दुकानांत सहज मिळते. ते म्हणजे भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचावयाचा टायमर होय.

हे साधन उपयुक्त आहे, परंतु ते फक्त घड्याळाचा हुकूम पाळते. टाकीत पाणी आहे की नाही, बाहेर अंधार पडला की नाही, आज सुट्टी आहे की कामाचा दिवस, यांपैकी त्याला काहीही कळत नाही. म्हणून विचार आणि हिशेब वापरणाऱ्यालाच आधी करावा लागतो. तो न केल्यास बचत तर होतच नाही, उलट अपघातास निमंत्रण मिळते.

दोन प्रकार

पहिला प्रकार चकतीचा. यात चोवीस तासांचे आकडे असलेली गोल चकती असते आणि तिच्या कडेला छोट्या पट्ट्या असतात. पट्ट्या ९६ असल्यास प्रत्येक पट्टी १५ मिनिटांची व ४८ असल्यास अर्ध्या तासाची असते. चकती एका लहान मोटरवर फिरते आणि ही मोटर घरच्या विजेवरच चालते. साहजिकच वीज गेली की घड्याळही थांबते. रोज दोन तास वीज जात असेल, तर आठवड्याअखेर असा टायमर १४ तास मागे पडतो आणि पहाटेचा गिझर रात्री तापू लागतो. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या गावी हा प्रकार घेऊ नये.

दुसरा प्रकार अंकदर्शी. यात आकडे दाखविणारा पडदा व बटणे असतात आणि आत एक लहान विद्युतघट असतो. वीज गेली तरी या घटामुळे घड्याळ चालू राहते व नोंदविलेल्या वेळा पुसल्या जात नाहीत. आठवड्याच्या निरनिराळ्या वारांना निरनिराळ्या वेळा देण्याची सोय यात असते. कार्यालय, शाळा वा वसतिगृह यांना हाच प्रकार सोयीचा ठरतो.

खरेदीपूर्वीचा हिशेब

आपल्याकडील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असतो. उपकरणावर छापलेल्या वॉटच्या आकड्याला २३० ने भागले की किती अँपिअर प्रवाह लागेल ते समजते. २००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर, तर ३००० वॉटचा सुमारे १३ अँपिअर प्रवाह घेतो. घरातील लहान सॉकेट ६ अँपिअरचे व मोठे १६ अँपिअरचे असते. त्यामुळे गिझरसाठी मोठ्या सॉकेटमध्ये बसणारा १६ अँपिअरचाच टायमर घेतला पाहिजे. १० अँपिअरचा टायमर स्वस्त मिळतो म्हणून ३००० वॉटच्या गिझरला जोडला, तर आतील जोड तापून वितळतात आणि आग लागण्याचा संभव असतो.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. टायमरवर छापलेली १६ अँपिअर ही क्षमता सामान्यतः गिझरसारख्या केवळ तापणाऱ्या उपकरणांसाठी असते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. अशा धक्क्याने टायमरमधील संपर्कपट्ट्या एकमेकींस चिकटू शकतात. मग टायमर ‘बंद’ दाखवीत असतानाही पंप चालूच राहतो. पंपासाठी टायमर वापरावयाचा असल्यास पंपाचा भार स्वतंत्र कॉन्टॅक्टरवर टाकून टायमरने केवळ त्या कॉन्टॅक्टरला चालना द्यावी. ही जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

परदेशी धाटणीच्या पिनांचा टायमर अडॅप्टर लावून बसवू नये. सैल बसलेली पिन हे उष्णतेचे व ठिणगीचे मूळ असते. टायमर थेट भिंतीवरील सॉकेटमध्ये असावा, लोंबत्या एक्स्टेन्शन बोर्डात नसावा. न्हाणीघरात पाण्याचे तुषार वा वाफ पोहोचेल अशा जागी तर तो कधीही असू नये.

चकतीचा टायमर लावण्याची रीत

प्रथम उपकरण कोणत्या वेळी चालू हवे ते कागदावर लिहावे. नंतर तेवढ्या काळाच्या पट्ट्या खाली दाबाव्यात. पहाटे साडेपाच ते सहा असा काळ हवा असल्यास १५ मिनिटांच्या चकतीवर दोन पट्ट्या दाबाव्या लागतील. बहुतेक नमुन्यांत दाबलेली पट्टी म्हणजे ‘चालू’ असते, काहींत याच्या उलट असते. म्हणून सोबतचे सूचनापत्र पाहावे. मग चकती बाणाच्या दिशेनेच फिरवून त्या क्षणाची वेळ खुणेसमोर आणावी. उलट फिरविल्यास आतील दाते मोडतात. दुपारचे तीन म्हणजे १५ हे विसरू नये. बाजूला एक छोटी कळ असते. तिच्या एका स्थितीत टायमर काम करतो व दुसऱ्या स्थितीत वीज सतत चालू राहते. पट्ट्या अचूक दाबूनही टायमर ‘चालत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुधा ही कळ चुकीच्या स्थितीत असते.

अंकदर्शी टायमर लावण्याची रीत

नवा टायमर काही तास सॉकेटमध्ये ठेवून आतील घट भारित होऊ द्यावा. पडदा कोरा किंवा विस्कळीत दिसल्यास ‘रिसेट’ असे लिहिलेले बारीक छिद्र टाचणीने हलकेच दाबावे. त्यानंतर ‘क्लॉक’ बटण दाबून धरावे आणि ‘वीक’, ‘आवर’ व ‘मिनिट’ या बटणांनी वार, तास व मिनिटे लावावीत. नमुन्यागणिक बटणांची नावे थोडी बदलतात, क्रम मात्र साधारण हाच असतो.

पुढे ‘प्रोग’ बटण दाबले की पडद्यावर पहिल्या कार्यक्रमाचा ‘ऑन’ दिसतो. तेथे वार व वेळ द्यावी. पुन्हा तेच बटण दाबल्यावर पहिल्याचा ‘ऑफ’ येतो. त्यालाही वार व वेळ द्यावी. प्रत्येक ‘ऑन’ला त्याचा ‘ऑफ’ दिला आहे याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वारांच्या बाबतीत हमखास घडणारी एक गफलत उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या कार्यालयाचा बाहेरचा दिवा सोमवार ते शनिवार सायंकाळी सातला लागावा व पहाटे सहाला मालवावा, असे ठरले. लावणाऱ्याने ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ दोन्हींना सोमवार ते शनिवार हेच वार दिले. शनिवारी रात्री लागलेला दिवा रविवारी पहाटे मालवायला हवा, परंतु रविवारचा ‘ऑफ’ दिलेलाच नाही. परिणामी तो दिवा सोमवारी पहाटेपर्यंत सलग ३५ तास जळत राहील. मध्यरात्र ओलांडणाऱ्या कार्यक्रमात ‘ऑफ’चे वार एका दिवसाने पुढचे, म्हणजे येथे मंगळवार ते रविवार, असले पाहिजेत.

शेवटचे बटण ‘ऑन-ऑटो-ऑफ’ या तीन स्थितींचे असते. कार्यक्रम पाळला जावा यासाठी ‘ऑटो’ ही स्थिती हवी. अनेक नमुन्यांत ‘ऑन’वरून ‘ऑटो’वर आल्यास उपकरण पुढील ‘ऑफ’च्या वेळेपर्यंत चालूच राहते, तर ‘ऑफ’वरून ‘ऑटो’वर आल्यास पुढील ‘ऑन’पर्यंत बंद राहते. हे ठाऊक नसल्याने टायमर नादुरुस्त असल्याचा समज होतो.

मांडणी पूर्ण झाल्यावर परीक्षा घ्यावी. काही मिनिटांनंतरची वेळ देऊन टेबलावरचा दिवा जोडावा व तो वेळेवर लागतो आणि मालवतो का हे पाहावे. त्यानंतरच खरे उपकरण जोडावे. गिझर अर्धा तास चालल्यावर टायमर, पिन व सॉकेट यांच्या बाहेरील भागाला हात लावून पाहावा. ते चटका बसण्याइतके तापत असतील तर वापर तत्काळ थांबवावा.

गिझरचे गणित

गिझर किती वेळ चालू ठेवावा, हा अंदाजाचा नव्हे तर गणिताचा प्रश्न आहे. पाणी किती लिटर आणि ते किती अंश तापवायचे यांचा गुणाकार करून त्यास ८६० ने भागले की लागणारी युनिटे मिळतात. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यावयाचे आहे. १५ गुणिले ३५ म्हणजे ५२५, त्यास ८६० ने भागता सुमारे ०.६१ युनिट. २००० वॉटचा गिझर तासाला दोन युनिटे घेतो, म्हणून हे काम सुमारे १८ मिनिटांत होते. थंडीत नळाचे पाणी १५ अंशांवर आले, तर सुमारे २४ मिनिटे लागतील. म्हणजे अर्धा तास पुरेसा आहे.

गिझर दिवसभर चालू राहिला तरी तो सतत वीज खात नाही, कारण पाणी तापल्यावर आतील थर्मोस्टॅट वीज तोडतो. परंतु टाकीतील उष्णता हळूहळू बाहेर जाते आणि ती भरून काढण्यासाठी गिझर पुनःपुन्हा चालू होतो. टायमरने वाचते ती ही वीज. शिवाय आंघोळीपूर्वी गिझर बंद होतो, हा सुरक्षिततेचा लाभही मोठा आहे. दोन-तीन लिटरच्या तत्काळ पाणी तापविणाऱ्या गिझरला मात्र टायमरचा उपयोग नाही.

बचतीचा विचार करताना टायमरचा स्वतःचा खर्चही धरावा. टायमर एक वॉट घेतो असे मानल्यास वर्षाला सुमारे ९ युनिटे होतात. पाच वॉटचा एल.ई.डी. दिवा रोज १२ तास विनाकारण जळला तर वर्षाला सुमारे २२ युनिटे जातात. अशा एकट्या दिव्यासाठी टायमर बसविल्याने फारसे साधत नाही. चार-सहा दिव्यांसाठी मिळून एक टायमर असेल, तर हिशेब जमतो.

सूर्य आणि घड्याळ

दिव्यांच्या वेळा ठरविताना ‘सर्वत्र सायंकाळी सात’ असा सरसकट नियम उपयोगी पडत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली आहे आणि एका अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. या हिशेबाने मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटे, तर नागपूरची सुमारे १४ मिनिटे मागे आहे. मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास, तर जुलैच्या आरंभी सुमारे सात वाजून वीस मिनिटांनी होतो. नागपुरात याच काळात तो सुमारे साडेपाच व सातला होतो. म्हणून दिव्याचा टायमर वर्षातून निदान चार वेळा नव्याने लावावा. विद्यार्थ्यांकडून दर आठवड्याला सूर्यास्ताची वेळ नोंदवून घेतल्यास भूगोलाचा पाठ आणि गावाचे काम एकाच वेळी साधेल.

काय जोडू नये

पाणी तापविण्याची सळई, इस्त्री, शेगडी व खोली तापविण्याचा हीटर ही उपकरणे टायमरला कदापि जोडू नयेत. बादलीत पाणी नसताना सळई चालू झाली तर ती जळते. ती चालू असताना कोणी पाण्यात हात घातला तर प्राण जाण्याचा धोका असतो. रुग्णासाठीची यंत्रे व लस किंवा औषधे ठेवलेला फ्रीज हेही यापासून दूर ठेवावेत.

काही उपकरणे वीज परत आल्यावर आपोआप सुरू होत नाहीत. त्याची चाचणी सोपी आहे. उपकरण चालू असताना भिंतीवरील बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करावे. उपकरण आपोआप सुरू झाले तरच त्यास टायमर उपयोगी पडेल.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, टायमरने बंद केलेले उपकरण वीजमुक्त झाले असे समजू नये. ते कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते. साफसफाई वा दुरुस्तीपूर्वी पिन सॉकेटमधून काढलीच पाहिजे. घरात ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक साधन व योग्य अर्थिंग असणे हेही तितकेच आवश्यक आहे.

बदलती दरपद्धती

जून २०२३ मध्ये केंद्र शासनाने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार वीजदराची तरतूद केली. कृषी ग्राहक वगळता अन्य ग्राहकांना ती १ एप्रिल २०२५ पर्यंत लागू करावी आणि स्मार्ट मीटर बसलेल्यांना ती मीटर बसताच लागू व्हावी, असे त्यात म्हटले आहे. दिवसा सौरऊर्जा उपलब्ध असलेल्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असाही नियम आहे. त्यामुळे यापुढे वीज किती वापरली याबरोबरच ती केव्हा वापरली यालाही महत्त्व राहील. आपल्या वीजबिलावर छापलेले तास व दर पाहूनच टायमरच्या वेळा ठरवाव्यात.

ग्रामपंचायत कार्यालय, शाळा आणि वसतिगृह येथील पाणी थंड करणारी यंत्रे, बाहेरचे दिवे व गिझर यांची एक यादी करावी. प्रत्येकापुढे वॉट, आवश्यक वेळ व सुट्टीचे वार लिहावेत आणि टायमर तपासण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी. दर सोमवारी एकदा घड्याळ व कार्यक्रम पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. सार्वजनिक विजेचे देयक गावाच्याच पैशातून भरले जाते. ते कमी झाले तर वाचलेला पैसा गावाच्याच कामी येईल.