एकट्या बाईला मूल सांभाळायला मिळतं का?

प्रश्न : मी ४४ वर्षांची, अविवाहित शिक्षिका. दत्तक न घेता एखादं मूल काही काळ घरी सांभाळता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हो ताई, येईल. २०२४च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ही वाट अविवाहितांनाही खुली केली. (एकट्या पुरुषाकडे मुलगी मात्र देत नाहीत.) जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. घरभेट होते, आदेश बाल कल्याण समिती देते. कागदपत्रं जमतील, कठीण आहे ते वेगळंच. मुलाचे आईवडील हयात असू शकतात, भेटायला येतील, आणि त्यांची घडी बसली की मूल परत जाईल. हे झेपेल का, ते आधी स्वतःला विचारा. दोन वर्षांनंतर, मूल कायद्याने दत्तकयोग्य ठरलं तर दत्तकाचा अर्ज करता येतो; पण तो हिशेब धरून सुरुवात करू नये, असं माझं मत.