जून कोंबडीची चक्क्यातील कोशिंबीर

घरच्या खुराड्यातील कोंबडीने अंडी देणे थांबविले म्हणजे तिच्यासाठी बहुधा दोनच वाटा उरतात. एक तर आठवड्याच्या बाजारात ती पडेल त्या किमतीला विकली जाते, किंवा पाहुणे आले असता तिचा रस्सा होतो. रस्सा झाला म्हणजे फोडी मोजून वाढल्या जातात. प्रथम पाहुण्यांना, मग घरातील पुरुषांना, मग मुलांना. सकाळी खुराडे झाडणारी आणि दिवेलागणीला कोंबड्या कोंडणारी घरची स्त्री सर्वांच्या शेवटी जेवावयास बसते. तिच्या वाट्याला पुष्कळदा नुसता रस्साच येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु जेवणाच्या पंगतीतील हा क्रम त्यांपैकी एक आहे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस ठाऊकच आहे.

ज्या पदार्थात मांसाचे रेषे हाडांपासून सोडवून ते भाज्या, कडधान्य व चक्का यांत कालविले जातात, त्यात फोडी मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. पहिल्या ताटात जे पडते तेच शेवटच्या ताटात पडते. शहरांत व परदेशांत ‘चिकन सॅलड’ या नावाने जो पदार्थ मुख्य जेवण म्हणून खाल्ला जातो, त्याचीच ही घरगुती जात होय. आपल्या ताटात कोशिंबिरीची जागा डावीकडे असते व तिचे प्रमाण चमचा-दोन चमचे एवढेच असते. ही कोशिंबीर मात्र ताटाच्या मध्यभागी वाढावयाची व भाकरीशी पोटभर खावयाची आहे.

कोंबडी कोणती काढावी

कळपातून कोंबडी काढताना होणारी नेहमीची चूक म्हणजे खुडूक कोंबडी कापणे. खुडूक बसलेली कोंबडी काही दिवस अंडी देत नसली तरी ती पुन्हा अंड्यावर येते. तिला कापणे म्हणजे चालता नफा बुडविणे होय. पिसे गाळणाऱ्या कोंबडीचेही तसेच आहे. जी खरोखरच अंडी देण्यातून गेली आहे, तिचा तुरा आखडलेला, फिकट व कोरडा दिसतो. तिला हातात धरून गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडे बोटांनी चाचपून पाहावीत. अंड्यावरील कोंबडीत या दोन हाडांमध्ये दोन ते तीन बोटे सहज मावतात, तर अंडी बंद झालेल्या कोंबडीत जेमतेम एक बोट मावते. तिचे गुदद्वारही लहान, सुरकुतलेले व कोरडे असते. हे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते, आणि पशुसखीने एकदा दाखवून दिले म्हणजे घरातील लहान मुलगीही ते बिनचूक करते.

बंदिस्त पद्धतीने पाळलेली अंड्याची कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे अंडी न देणारी कोंबडी महिनाभर उगाच ठेवली तर तीन किलोहून अधिक खाद्य वाया जाते. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज यांसारख्या परसातील सुधारित जाती मोकळ्यावर चरून पोट भरतात, त्यामुळे त्यांच्याबाबत ही तूट कमी असते, इतकेच.

आजारी, झिंगणारी किंवा आपोआप मेलेली कोंबडी कोणत्याही कारणास्तव खाऊ नये. सन २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा देशातील पहिला उद्रेक झाला, त्याचे स्मरण कुक्कुटपालकांना आहेच. कळपात एकाएकी मर झाल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे व मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. कोंबडीला औषध दिलेले असल्यास त्याच्या वेष्टनावर जितके दिवस मांस वर्ज्य सांगितले असेल, तितके दिवस थांबावे.

मांस शिजविणे व निवविणे

जून कोंबडीचे मांस चिवट असते, म्हणून बाजारात तिला भाव नाही. हा चिवटपणा स्नायूंना बांधणाऱ्या तंतूंचा असतो. वयाबरोबर ते तंतू अधिक घट्ट होत जातात. कोरड्या आचेवर ते आणखी आवळतात, परंतु पाण्यात मंद आचेवर दीर्घकाळ शिजविल्यास त्यांचा विरघळून सरस बनतो व मांसाचे रेषे आपोआप सुटे होतात. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीचे मांस लवकर शिजते खरे, पण कोशिंबिरीत कालविताच त्याचा भुगा होतो. जून कोंबडीचे रेषे लांब व भरीव राहतात, आणि चवीलाही ती सरस असते.

सुमारे सव्वा किलो वजनाची साफ केलेली कोंबडी पाच-सहा तुकडे करून घ्यावी. ती बुडेल इतके पाणी, एक चमचा मीठ, पाव चमचा हळद, ठेचलेले आले व चार मिरे घालून दाबाच्या भांड्यात पहिली शिटी झाल्यावर मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे ठेवावी. साध्या पातेल्यात झाकण ठेवून दोन ते अडीच तास लागतात. पाणी खळखळ उकळू देऊ नये. कडेने बुडबुडे येत राहावेत. तंगडीचे मांस हाडापासून बोटाने ढकलताच सुटले व सांध्याजवळ तांबूस रस दिसेनासा झाला म्हणजे मांस शिजले. कोंबडीच्या मांसातील रोगजंतू मरण्यास मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस इतके तापणे अवश्य असते. इतका वेळ शिजविल्यावर ते तापमान केव्हाच ओलांडले जाते.

जून कोंबडी नीट शिजविणाऱ्या घरातही पुढच्या पायरीवर चूक होते. कच्च्या कोंबडीवर आतड्यातील जंतू असतात व ते हात, विळी, पाट, फडके यांवाटे भाज्यांवर जातात. भाज्या शिजवावयाच्या असतील तर ते जंतू आचेवर मरतात. कोशिंबिरीतील काकडी व कोबी मात्र कच्चेच खावयाचे असल्यामुळे तेथे दुसरी संधी नाही. म्हणून क्रम उलटा ठेवावा. विळीवर प्रथम भाज्या चिरून झाकून ठेवाव्यात, मांसास हात मागाहून लावावा. कच्ची कोंबडी चुलीजवळच्या मोरीत धुऊ नये. तिच्यावरील पाण्याचे शिंतोडे हातभर अंतरावरील भांड्यांवरही उडतात. ती बाहेर, वेगळ्या भांड्यात साफ करावी, आणि नंतर हात, विळी व भांडे साबणाने धुऊन उकळते पाणी ओतावे. मांस शिजल्यावर ज्या परातीत ते काढावयाचे ती परात कच्च्या मांसाची नसावी.

शिजलेले तुकडे पसरट परातीत मोकळे पसरून स्वच्छ पातळ फडक्याने झाकावेत. खोल पातेल्यात झाकून ठेवलेले मांस मध्यभागी तासन्तास कोमट राहते, आणि कोमट मांस म्हणजे जंतूंचे शेत होय. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. हातास सोसवेल इतके निवताच साबणाने हात धुऊन रेषे सोडवावेत. बोटाला जखम किंवा फोड असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये. अशा जखमेतील जंतूंनी अन्नात एकदा विष तयार केले की ते पुन्हा गरम करूनही जात नाही.

उरलेले पाणी फेकून देऊ नये. त्यात विरघळलेले सरस, क्षार व काही जीवनसत्त्वे असतात. त्याला लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन त्याच दिवशी सार करावे. कोंबडीची कलेजी वेगळी परतून घ्यावी. मांसापेक्षा तीत लोह कितीतरी अधिक असते, म्हणून ती घरातील वयात आलेल्या मुलीस अथवा बाळंतिणीस द्यावी.

मेयोनेज नको, चक्का हवा

परदेशी पद्धतीत या कोशिंबिरीस जो दाट, मऊ लेप असतो तो बहुधा मेयोनेजचा असतो. कच्च्या अंड्याचे बलक तेलात घोटून तो बनवितात. अंडे घरचे असले तरी कच्च्या अंड्यातील साल्मोनेला जंतूंचा धोका त्याने टळत नाही. तेलंगण राज्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये व तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर एक वर्षासाठी बंदी घातली होती, ती याच कारणाने. खेड्यातील घराला त्याची काही गरजही नाही, कारण तितकाच दाट व मऊ असा चक्का आपल्याकडे आहे. तो आंबट असल्याने जंतूंची वाढ काहीशी रोखतो, आणि तेलाऐवजी त्यातून प्रथिने मिळतात.

म्हशीच्या दुधाचे एक किलो दही उकळून वाळविलेल्या फडक्यात चार-पाच तास टांगल्यास सुमारे ४०० ग्रॅम चक्का मिळतो. दह्याच्या घट्टपणाप्रमाणे हे कमीजास्त होते. उन्हाळ्यात रात्रभर टांगल्यास तो फार आंबतो, म्हणून पहाटे टांगून दुपारच्या जेवणास वापरावा. खाली गळलेले पाणी थालीपिठाचे पीठ भिजविण्यास घ्यावे. चक्का चाळणीवर घासून त्यात दोन चमचे साय, ५० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांचे बारीक कूट, एका लिंबाचा रस, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड व अर्धा चमचा फेसलेली मोहरी घालावी. मोहरी थंड पाण्यात फेसावी. गरम पाण्याने तिचा झणका उतरतो.

दही व मांस एकत्र खाऊ नये, असे काही घरांत मानतात. कार्यकर्त्याने तेथे वाद घालीत बसू नये. अशा घरी चक्क्याऐवजी शेंगदाण्याचे कूट, लिंबू व मांस शिजविलेले गाळीव पाणी एकत्र वाटून दाट लेप करावा. तोही चांगला लागतो.

कालविणे आणि वाढणे

वरील कोंबडीपासून ४०० ते ४५० ग्रॅम सुटे मांस निघते. त्यास सहा माणसांसाठी मोड आणून वाफविलेली मटकी दोन वाट्या, उकडलेली रताळी अथवा बटाटे पाव किलो, कडक उकडलेली अंडी तीन, बारीक चिरलेली कोबी दोन वाट्या, काकड्या दोन, टोमॅटो दोन, एक कांदा, हिरवी मिरची व कोथिंबीर घ्यावी. मोड आलेले कडधान्य कच्चे घालू नये. ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. परसातील वाफ्यास कोंबड्यांची विष्ठा ताजीच घातली असेल तर त्या वाफ्यातील भाजी कच्ची खाऊ नये. पूर्ण कुजलेले खत घातलेल्या वाफ्यातीलच घ्यावी. भाज्या चिरण्यापूर्वी पिण्याच्या शुद्ध पाण्याने धुवाव्यात.

काकडीस मीठ लावून पाव तास ठेवावे व सुटलेले पाणी पिळून काढावे, नाही तर ते पाणी चक्क्यात उतरून सारी कोशिंबीर पातळ होते. प्रथम मांस व मटकी चक्क्यात कालवावी, मग रताळी, आणि पाने मांडल्यावरच काकडी, कोबी, टोमॅटो व कांदा मिसळावा. अंड्याच्या फोडी वर ठेवाव्यात. एका ताटात सुमारे ७० ग्रॅम मांस येते. त्यातून १९-२० ग्रॅम, आणि चक्का, अंडे व मटकी धरून एकंदर २५ ग्रॅमांहून अधिक प्रथिने मिळतात. प्रौढ स्त्रीची दिवसाची गरज सुमारे ४६ ग्रॅम धरली जाते. म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा एका जेवणात भरून निघतो. शिवाय लिंबू व कच्च्या कोबीतील क जीवनसत्त्वामुळे, तसेच मांसाच्या सान्निध्यामुळे, मटकीतील व भाकरीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते.

कालविलेली कोशिंबीर एरवी दोन तासांत व हवा ३२ अंशांच्या वर असल्यास एका तासात संपवावी. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात एक तास हीच मर्यादा समजावी. ती शेतावर डब्यातून नेऊ नये. शेतावर जाणाऱ्याचे मांस कालविण्यापूर्वीच वेगळे काढावे, तेलावर कोरडे परतून गरम असतानाच भाकरीसोबत खाऊ घालावे आणि मग त्याला शेतावर धाडावे. घरी शीतकपाट असल्यास मांस व चक्का निरनिराळ्या झाकणाच्या डब्यांत दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. भाज्या मात्र ताज्याच चिराव्यात.

बचत गटाच्या बैठकीत प्रात्यक्षिक करावयाचे झाल्यास दोन कोंबड्या आणून एकीचा रस्सा व दुसरीची कोशिंबीर करावी. वाढण्याचे काम एरवी घरी जी स्त्री शेवटी जेवते तिच्याकडे द्यावे, व दोन्ही पदार्थ संपत आले असता तिच्या ताटात काय उरले ते सर्वांस पाहू द्यावे. हाडे व पिसे खड्ड्यात पुरून वर चुना टाकावा, नाही तर रात्री कुत्री ती उकरून खुराड्यापर्यंत आणतात.